शेवटच्या कर्मचाऱ्याची निवृत्ती

वय झाले, वर्षे भरली, की माणूस नोकरीतून निवृत्त होतो. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. सहकारी चहापाणी करतात, फुलांचा गुच्छ हातात पडतो, दोन भाषणे होतात आणि सोमवारी त्या टेबलावर दुसरे कुणी बसते. २०१८ च्या हिवाळ्यात मात्र इंग्लंडच्या मध्य भागातील एका लहानशा सेवाभावी संस्थेचे आम्ही पाच विश्वस्त आमच्याच हिशेबनीस बाईंसमोर बसून, त्यांनी एवढ्यात निवृत्त होऊ नये, अशी गळ घालत होतो. बाईंना सहासष्टावे वर्ष लागले होते. गुडघे दुखत होते, नातवंडे लांबच्या गावी होती. त्यांच्यावाचून संस्थेचे काम अडणार होते, अशातला भाग नव्हता. पण त्या ज्या दिवशी निवृत्त होतील त्याच दिवशी संस्थेवर तिच्या साऱ्या गंगाजळीच्या जवळजवळ तिप्पट देणे उभे राहणार होते.

हे देणे कुठल्या कर्जाचे नव्हते. कुणी अफरातफरही केली नव्हती. आमची संस्था एकाकी वृद्धांना दुपारचे गरम जेवण पोचवते, आजारी माणसाला दवाखान्यात नेते-आणते, सरकारी अर्ज भरून देते. १९८० च्या दशकात, म्हणजे माझा तिच्याशी संबंध येण्याच्या कितीतरी आधी, तिने स्थानिक कौन्सिलच्या पेन्शन फंडात प्रवेश घेतला. तो करार आजही फायलीत आहे. टंकलेखन यंत्रावर केलेली मोजकी पाने, खाली तेव्हाच्या अध्यक्षांची सही. प्रवेशाबद्दल त्यात सविस्तर मजकूर आहे. बाहेर पडण्याबद्दल जेमतेम एक वाक्य. त्या वाक्याचा अर्थ आम्हाला तीस-पस्तीस वर्षांनी कळला.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की हाच प्रश्न नव्या रूपात पुन्हा आमच्या दारी आला आहे, आणि आमच्या एकट्याच्याच दारी नव्हे. इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पेन्शन फंडांचे दर तीन वर्षांनी मूल्यांकन होते. ताजे मूल्यांकन ३१ मार्च २०२५ च्या स्थितीवर आधारलेले आहे आणि त्यावरून १ एप्रिल २०२६ पासूनच्या तीन वर्षांचे वर्गणीचे दर ठरतात. २०१६ च्या मूल्यांकनात या फंडांकडे देण्याच्या मानाने सरासरी ८५ टक्केच पैसा होता. २०१९ मध्ये तो आकडा ९८ वर आणि २०२२ मध्ये १०७ वर गेला. फंड सुखावले आहेत, कौन्सिले मात्र पैशाला महाग झाली आहेत. साहजिकच एखादे वृद्धांचे दिवसकेंद्र, एखादा पोहण्याचा तलाव, एखादे वाचनालय सेवाभावी संस्थेच्या हवाली करावे आणि सोबत कर्मचारीही द्यावेत, ही कल्पना अधिकाऱ्यांना पुन्हा गोड वाटू लागली आहे. ‘पेन्शनची चिंता करू नका, आमच्याच फंडात या,’ असे आम्हाला सांगण्यात आले. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण आम्ही एकदा त्या दारातून आत जाऊन बाहेर आलेले लोक आहोत.

मुळात हा फंड आहे तरी काय? ब्रिटनमधील शिक्षक, परिचारिका, केंद्राचे नोकर यांच्या पेन्शनमागे कसलाही साठा नाही. आजच्या कराच्या पैशातून आजच्या निवृत्तांना पेन्शन मिळते. स्थानिक कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी. १९२२ च्या कायद्याने कौन्सिलांना पेन्शन योजना काढण्याची मुभा दिली, १९३७ च्या कायद्याने ती सक्तीची केली, आणि प्रारंभापासून तत्त्व असे राहिले, की कर्मचारी आणि मालक या दोघांनी दरमहा पैसे टाकायचे, ते गुंतवायचे आणि त्यातून पेन्शन द्यायची. आज इंग्लंड-वेल्समध्ये असे ऐंशीहून अधिक फंड आहेत. मार्च २०२४ अखेर त्यांची एकत्रित पुंजी ३९० अब्ज पौंडांच्या घरात होती आणि सभासद साठ लाखांहून अधिक.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यांतून मिळणारी पेन्शन तशी नाही. २०१४ पासूनचा नियम सोपा आहे: वर्षभरात जो पगार मिळाला त्याचा एकोणपन्नासावा हिस्सा त्या वर्षाची पेन्शन म्हणून खात्यावर चढतो आणि पुढे महागाईप्रमाणे वाढत राहतो. वर्षाला २४,५०० पौंड मिळवणाऱ्या बाईने एक वर्ष काम केले, की म्हातारपणी तहहयात दरसाल ५०० पौंडांची सोय झाली. वीस वर्षे केले तर आजच्या किमतीत १०,००० पौंड. या फंडांचे सभासद म्हणजे बहुसंख्येने स्त्रिया: शाळेत जेवण वाढणाऱ्या, वृद्धांना आंघोळ घालणाऱ्या, अर्धवेळ काम करणाऱ्या. म्हणून प्रत्यक्षात मिळणारी सरासरी पेन्शन वर्षाला पाच-सहा हजार पौंडांच्या आसपासच राहते. ‘सरकारी नोकरांची सोन्याची पेन्शन’ असा जो ओरडा इथल्या काही वृत्तपत्रांत अधूनमधून होतो तो करणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा.

कर्मचारी आपल्या पगारातून सहा टक्क्यांच्या आसपास देतो. उरलेले मालकाने द्यायचे; ते सरासरी पगाराच्या वीस टक्क्यांच्या घरात जाते. पण खरी गोम टक्केवारीत नाही. कर्मचाऱ्याचे देणे ठरलेले, त्याला मिळणारी पेन्शनही कायद्याने ठरलेली. मधे जे काही कमीजास्त होईल, म्हणजे शेअरबाजार कोसळला, व्याज घटले, माणसे अपेक्षेपेक्षा अधिक जगली, तर ते सारे मालकाच्या अंगावर. शंभर वर्षांनीही अस्तित्वात असणाऱ्या आणि कर बसवू शकणाऱ्या कौन्सिलला हे झेपते. रद्दी आणि जुने कपडे विकून दुकान चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेला ते कसे झेपावे?

तरीही अशा संस्थांना आत घेण्याची सोय कायद्यात आहे, आणि ती योग्य हेतूने केलेली आहे. २०१३ च्या नियमावलीत त्यासाठी ढोबळमानाने दोन दारे दिसतात. जी संस्था नफ्यासाठी नव्हे तर लोकसेवेसाठी चालते, आणि कौन्सिलशी जिचे हितसंबंध पुरेसे जुळलेले आहेत, ती पहिल्या दाराने येऊ शकते. तिला घ्यायचे की नाही, हे फंडाने ठरवायचे. दुसरे दार कंत्राटाचे. कौन्सिलने आपले एखादे काम दुसऱ्याकडे सोपवले आणि त्या कामावरची माणसेही सोबत गेली, तर नव्या मालकाने नियमांतल्या अटी मान्य केल्यावर फंडाला त्याला नाही म्हणता येत नाही. कारण उघड आहे. २००७ पासून कौन्सिलांना असे बंधन आहे, की बदली झालेल्या कर्मचाऱ्यांना एक तर याच योजनेत राहू द्यायचे, नाही तर साधारण तेवढ्याच मोलाची दुसरी पेन्शन द्यायची. तेवढ्या मोलाची दुसरी पेन्शन आज बाजारात कुणी काढत नाही.

दार कोणतेही असो, आत शिरताना जोखमीचा हिशेब मांडावा लागतो: ही संस्था मध्येच बुडाली तर फंडाचे किती पैसे अडकतील? तेवढ्या रकमेची बँकेची हमी द्या, नाही तर जामीनदार आणा. माझ्यासारख्या, आयुष्य हिशेबाच्या वह्यांत घालवलेल्या माणसाला या अटीत काही गैर वाटत नाही. पण तिचा विनोद असा, की बँक अशी हमी त्यालाच देते ज्याच्याकडे पैसा आहे; आणि पैसा असलेल्या संस्थेकडे फंड हमीचा फारसा आग्रह धरत नाही. आमच्या १९८० च्या दशकातल्या करारात हमी नव्हती, जामीन नव्हता. त्या काळी अशा पुष्कळ संस्था सहज आत घेतल्या गेल्या. फंडात शिल्लक होती, व्याज भरपूर होते, आणि समाजसेवेचे काम करणारी बायामाणसे म्हातारपणी उघड्यावर पडू नयेत ही भावना प्रामाणिक होती.

आता बाहेर पडण्याविषयी. अशा संस्थेचा फंडात वर्गणी भरणारा शेवटचा कर्मचारी ज्या दिवशी निघतो, त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने संस्था फंडातून बाहेर पडते. मग ॲक्च्युअरी, म्हणजे आयुर्मान आणि व्याज यांचे गणित मांडणारा तज्ज्ञ, आजवरच्या साऱ्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनची त्या दिवसाची किंमत काढतो. फंडातला तुमचा वाटा तेवढा नसेल तर फरक रोख भरा. इथवर कुणालाही पटेल. पण हे गणित रोजच्या दराने मांडले जात नाही. संस्था फंडात असते तेव्हा, गुंतवणुकीवर बरा परतावा मिळेल असे धरून वर्गणी ठरवतात. ती बाहेर पडताना मात्र, आता हिच्याकडून पुन्हा काही मागता येणार नाही, म्हणून सर्वात सुरक्षित अशा सरकारी रोख्यांच्या व्याजाने हिशेब करण्याचा प्रघात आहे, विशेषतः मागे जामीनदार नसेल तर.

याचा परिणाम काय होतो ते एका लहान उदाहरणाने सांगतो. वीस वर्षांनी कुणाला १०० पौंड द्यायचे आहेत. व्याज ५ टक्के धरले तर आज ३८ पौंड बाजूला ठेवून भागते. व्याज १ टक्का धरले तर ८२ पौंड ठेवावे लागतात. वचन तेच, माणूस तोच, पण ओझे दुपटीहून अधिक. २०२० साली ब्रिटनच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांवरचे व्याज एक टक्क्याखाली गेले होते. २०२५ साली तीस वर्षांच्या रोख्यांवर ते पाच टक्क्यांच्या वर होते. म्हणजे दोन सारख्याच संस्था, सारख्याच कर्मचाऱ्यांच्या, पाच वर्षांच्या अंतराने बाहेर पडल्या तर एकीवर दिवाळे काढण्याची पाळी आणि दुसरीला कदाचित पैसे परत. यात कुणाचे शहाणपण नाही आणि कुणाचा गुन्हा नाही. कुणाचे गुडघे कधी दुखू लागतात यावर सारे अवलंबून.

आमच्या फंडात आमची एकूण बारा माणसे होती. त्यांतली बहुतेक केव्हाच निवृत्त झालेली. नव्या माणसांसाठी आम्ही २००० नंतर ते दार बंद केले होते, खर्च झेपत नाही म्हणून. शहाणपणाचा म्हणून घेतलेला तो निर्णयच अंगाशी आला, कारण त्यामुळे ‘शेवटचा कर्मचारी’ जवळ आला. एक-एक करीत सारे गेले आणि हिशेबनीस बाई तेवढ्या उरल्या. संस्थेचे भवितव्य एका बाईच्या हजेरीपटावर टांगलेले! पुढे इतर विश्वस्तांशी बोलताना कळले, की एखादा माणूस आठवड्यातून एक दिवस का होईना, कामावर ठेवून वेळ काढणाऱ्या संस्था इतरत्रही होत्या.

खासगी क्षेत्रातली एक घटना इथे सांगितली पाहिजे, कारण तिने इंग्लंडमधील विश्वस्तांची झोप उडवली. जानेवारी २००९ मध्ये चिनीमातीच्या भांड्यांची जगप्रसिद्ध वॉटरफर्ड वेजवुड कंपनी कोसळली. तिच्या पेन्शन योजनेत हजारो कामगार होते. त्यांत स्टॅफर्डशायरमधील वेजवुड संग्रहालयाचे पाच कर्मचारीही होते. संग्रहालय हा स्वतंत्र धर्मादाय विश्वस्तनिधी, कंपनीच्या नफ्यातोट्याशी त्याचा संबंध नाही. पण बाकीचे मालक दिवाळखोर झाल्यावर योजनेत शाबूत असलेला मालक तोच एक उरला, आणि सगळ्या योजनेची तूट, सुमारे १३४ दशलक्ष पौंड, या पाच माणसांच्या संग्रहालयाच्या माथी आली. त्याच २००९ साली त्या संग्रहालयाला देशातील उत्कृष्ट संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला होता. पुढल्या वर्षी त्याचा कारभार दिवाळखोरी-व्यवस्थापकाच्या हाती गेला. डिसेंबर २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ठरवले, की अडीचशे वर्षांचा तो संग्रह देणे भागवण्यासाठी विकता येईल. अखेर २०१४ मध्ये लोकवर्गणी आणि अनुदानांतून १५.७५ दशलक्ष पौंड उभे राहिले, संग्रह व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या मालकीचा झाला आणि आहे तिथेच राहिला. कौन्सिलच्या फंडांचे नियम वेगळे आहेत. तिथे असा प्रकार जसाच्या तसा घडणार नाही. पण ‘पाच माणसांसाठी केलेली सही’ म्हणजे काय, हे त्या खटल्यातून सर्वांना उमगले.

मग कौन्सिलच्या फंडात एखादी संस्था बुडाली तर काय होते? कर्मचाऱ्यांची पेन्शन जात नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ती कायद्याने बांधलेली आहे. खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी २००५ पासून पेन्शन प्रोटेक्शन फंड आहे. स्थानिक योजनेला तो लागू नाही आणि त्याची जरूरही मानली गेली नाही. बुडालेल्या संस्थेचे देणे जामीनदाराकडे जाते, जामीनदार नसेल तर फंडातल्या इतर मालकांत वाटले जाते. म्हणजे प्रामुख्याने करदात्यांवर, पण काही अंशी शेजारच्या दुसऱ्या धर्मादाय संस्थेवरही. म्हणून फंडाचा व्यवस्थापक जेव्हा नव्या संस्थेला ‘हमी कुठे आहे?’ असे विचारतो तेव्हा त्याला खडूस म्हणण्यात अर्थ नाही. तो आमच्यासारख्या दुसऱ्या कुणाचे तरी पैसे राखत असतो.

सरकारने यात काहीच केले नाही, असे नाही. २०१८ मध्ये नियम बदलला आणि बाहेर पडणाऱ्याच्या खात्यात शिल्लक निघाली तर ती परत देण्याची सोय झाली. ती होताच, जोखीम कौन्सिलची आणि शिल्लक कंत्राटदाराची, असे चमत्कारिक दावे उभे राहिले. मग २०२० मध्ये किती परत द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार फंडांना दिला गेला. खरा दिलासा सप्टेंबर २०२० मधला. शेवटचा कर्मचारी गेला तरी देणे ताबडतोब वसूल न करता, ते हप्त्याने घेण्याची किंवा संस्थेला वर्गणीदार म्हणून चालू ठेवण्याची मुभा फंडांना मिळाली. आमचा फंड वाजवी निघाला. कागदपत्रांत काही महिने गेले, पण २०२१ च्या वसंतात आमच्या बाई निवृत्त झाल्या. अडुसष्टावे संपत आले होते. २०२२ च्या शरद ऋतूत लंडनमध्ये एका अल्पजीवी अर्थमंत्र्याने अर्थसंकल्पाचा जो घोळ घातला त्याने देशभर कर्जे महागली, घरांचे हप्ते वाढले. रोख्यांचे व्याज त्याआधीच चढू लागले होते, ते आणखी भडकले. त्याच लाटेत आमचे देणे मात्र विरघळत गेले. २०२३ मध्ये हिशेब जवळजवळ बरोबरीत मिटला. ज्या देण्यासाठी एका वृद्ध बाईला आम्ही दोन-अडीच वर्षे खुर्चीवर बसवून ठेवले, ते देणे अखेर भरावे लागलेच नाही. मला त्याचा आनंद झाला, असे म्हणवत नाही.

यावर सरळ उपाय म्हणून सांगितले जाते, की सेवाभावी संस्थांनी या भानगडीत पडूच नये. २०१२ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक मालकाला कर्मचाऱ्यांसाठी पेन्शन खाते उघडण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. आज त्यात पगाराच्या ठराविक भागावर किमान ८ टक्के जमा होतात, त्यांतले निदान ३ टक्के मालकाचे. जमेल तेवढे साठेल, साठेल तेवढे मिळेल, मालक मोकळा. हिशेबाला सोपे आहे. परंतु मालकाचे ३ टक्के आणि मालकाचे २० टक्के यांतला फरक म्हणजे त्या कर्मचाऱ्याच्या म्हातारपणातला फरक आहे. सकाळी साडेसहाला एकाच वृद्धाला दोन बाया मिळून उचलतात. एकीला कौन्सिलची पेन्शन, दुसरीला नाही, कारण ती तीन वर्षे उशिरा लागली. हे चित्र आपल्याकडच्या वाचकांना नवे नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख अशीच प्रत्येक शिक्षकखोलीच्या मधून गेली आहे. तिथेही प्रश्न संस्थांचाच होता: शाळा चालवणारी खासगी शिक्षणसंस्था, पगार आणि पेन्शन सरकारच्या अनुदानावर. नेमणूक त्या तारखेआधीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालेले, अशा शिक्षकांची पेन्शन कोणती, हा वाद वर्षानुवर्षे मोर्च्यांत आणि न्यायालयांत घोळत राहिला. मार्च २०२३ च्या संपात सारे राज्य त्याचे पडसाद ऐकत होते. काम लोकांचे, नोकर संस्थेचा आणि पैसा सरकारचा, असे झाले की म्हातारपणाची जबाबदारी नेमकी कुणाची, याचे उत्तर देण्याचे सगळेच टाळतात.

तेव्हा आता आमच्या पुढ्यात असलेल्या प्रस्तावाकडे येतो. कौन्सिलचे वृद्धांचे दिवसकेंद्र आम्ही चालवावे, नऊ कर्मचारी आमच्याकडे यावेत, करार पाच वर्षांचा. त्यांतल्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई बावीस वर्षे कौन्सिलच्या नोकरीत आहेत. २०१४ पूर्वीच्या त्यांच्या सेवेची पेन्शन शेवटच्या पगारावर मोजली जाणार. म्हणजे आम्ही त्यांना बढती दिली तर कौन्सिलच्या काळातल्या वर्षांची पेन्शनही वाढणार, आणि तो वाढीव खर्च आमचा. नवांपैकी एखाद्याला उद्या पक्षाघात होऊन कायमचे घरी बसावे लागले, तर नियमाप्रमाणे त्याने निवृत्तीच्या वयापर्यंत काम केले असे धरून पेन्शन मिळते. माणुसकीला धरून तेच योग्य आहे. पण नऊ हजार कर्मचाऱ्यांत एकाचा तो खर्च दिसतही नाही, आणि नवांत एकाचा खर्च संस्थेला आडवे करतो. पाच वर्षांनी कौन्सिलने पैशाअभावी केंद्र बंद केले, तर पंचावन्न ओलांडलेल्यांना नोकरकपातीबरोबर पूर्ण पेन्शन तत्काळ सुरू होते. त्याचाही भार शेवटच्या मालकावर.

आमच्यातल्या तरुण विश्वस्तांचे म्हणणे होते, की फंड सध्या भरलेला आहे, व्याज चढे आहे, हीच आत शिरायची वेळ. मी त्यांना फायलीतली ती टंकलिखित पाने दाखवली. १९८० च्या दशकातही फंड भरलेलाच होता.

माझ्या मते सेवाभावी संस्थेला फंडात घ्यावे. त्या बायांच्या पेन्शनसाठी घ्यावेच. मात्र घेताना जोखीम ज्याची त्याने ठेवावी. काम कौन्सिलचे, माणसे कौन्सिलने घडवलेली, केंद्र चालू ठेवायचे की बंद करायचे हे ठरवणार कौन्सिल, आणि कर बसवण्याचा अधिकारही तिचाच. मग संस्थेने करार चालू असेपर्यंत ठरलेल्या दराने वर्गणी भरावी आणि करार संपला की कौन्सिलने पेन्शनचा सारा बोजा, असेल ती तूट आणि असेल ती शिल्लक, आपल्याकडे परत घ्यावा. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. कितीतरी कौन्सिले आपल्या कंत्राटदारांशी असे करार करतात. एक पाऊल पुढे जाऊन, बदली झालेल्या कर्मचाऱ्यांचा पेन्शनपुरता मालक कौन्सिलच मानावा, असा प्रस्ताव सरकारनेच २०१९ च्या आरंभी मांडला होता. त्यापुढली वर्षे मतमागणीत आणि मसुद्यांत गेली. त्यामुळे आजही प्रत्येक संस्थेला हे स्वतःच्या बळावर मागावे लागते. बड्या कंत्राटदार कंपन्यांचे वकील ते पहिल्याच बैठकीत मागतात. सेवाभावी संस्थांना मागायचा संकोच वाटतो, कारण आपण उपकार करायला निघालो आहोत अशी त्यांची समजूत असते.

याने कौन्सिलचा खर्च वाढतो का? कागदावर वाढलेला दिसतो, एवढेच. आम्ही बुडालो तर ते देणे फिरून तिच्याकडेच जाणार आहे. फरक इतकाच, की मधल्या मधे वृद्धांना जेवण पोचवणारी एक संस्था नाहीशी झालेली असेल. जोखीम आमच्या नावावर टाकल्याने ती नाहीशी होत नाही. फक्त कौन्सिलच्या ताळेबंदात ती दिसत नाही, आणि आजकाल अधिकाऱ्यांना तेवढेही पुरते.

गेल्या महिन्यात केंद्रावर गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या बाईंनी मला बाजूला घेतले. सारे कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते. त्या म्हणाल्या, ‘तुमच्याकडे आले तर माझ्या बावीस वर्षांचं काय होईल, एवढंच सांगा.’ त्यांची बावीस वर्षे कुठेही जात नाहीत, हे मी त्यांना खात्रीने सांगू शकलो. आमचे काय होईल, हे त्यांनी विचारले नाही, आणि ती त्यांची काळजीही नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कौन्सिलला पत्र पाठवले. केंद्र घ्यायला तयार आहोत; करार संपताना पेन्शनचे देणे आणि शिल्लक दोन्ही कौन्सिलची राहतील, एवढे कलम मसुद्यात घाला, असे त्यात लिहिले. कायदा विभाग विचार करीत असल्याची पोच आली आहे. बाई वर्षाअखेर बासष्टच्या होतील.